चंपाषष्ठीच्या आधीची वांगी

माझ्या सासरी चातुर्मासात वांगं खात नाहीत. पुष्कळ घरांत खात नाहीत, त्यात नवल काही नाही. पण आमच्याकडे त्या नेमाला आणखी एक शेपूट होतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवेपर्यंत झाडावरच्या वांग्याला हातसुद्धा लावायचा नाही! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे अगदी सहज सांगायच्या, जसं कुणी सांगेल की दार लोटून घे. "द्येवाचं हाय त्ये. द्येवाच्या आदी आपुन हात लावायचा न्हाई." मी तळेगावची, नोकरदार घरातली. आमच्याकडे चातुर्मास म्हणजे आईनं कांदा सोडायचा आणि आम्ही भावंडांनी शेजारी जाऊन भजी खाऊन यायची.

आत्याबाईंचं शेत भोसरीच्या माळाकडेला होतं. माझं लग्न व्हायच्या आधीच ते कारखान्यांसाठी गेलं आणि त्याच्या पाठोपाठ सासरेही गेले. राहिलं ते पिंपरी गावाच्या कडेचं दोन खोल्यांचं घर आणि मागचा परस. तेव्हापासून चंपाषष्ठीची वांगी बाजारातून आणावी लागत. आत्याबाई ती आणायच्या, भाजायच्या, नैवेद्य दाखवायच्या आणि त्या दिवशी घरात कुणाशी धड बोलायच्या नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या चंपाषष्ठीला मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. दिवसभर मी जिभेवर साखर ठेवून वावरले. शेवटी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "तुजं काय न्हाई गं. इकत आनल्यालं द्येवाला द्यायचं म्हंजी दुसऱ्याच्या हातानं पाया पडायचं."

म्हणून पुढच्या पावसाळ्यात त्यांनी ठरवलं, की या वर्षी देवाला वांगी आपल्या परसातलीच. चाकणच्या बाजारातून भरताच्या वांग्याची रोपं आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून. परसातले दगड वेचले, शेणखत घातलं आणि दोन ओळींत रोपं लावली. रोपांना पाणी घालताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की मी मध्ये बोलत नसे. एरवी मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

रोपं वाढली, हिरवीगार झाली, आणि मग एकेक शेंडा मान टाकायला लागला. खालची पानं तरतरीत आणि वरचा कोवळा शेंडा मात्र सुकून लोंबलेला. आत्याबाईंनी पाणी वाढवलं. शेंडे आणखी लोंबले.

माझा नवरा कारखान्यात तपासणी खात्यात होता. यंत्रातून निघालेला सुटा भाग भिंगाखाली धरायचा, मापायचा आणि बरा का वाईट ते सांगायचं, हे त्याचं काम. हा माणूस घरात आमटीकडेही तशाच नजरेनं बघायचा. त्यानं परसात एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "कीड आहे. औषध मारलं पाहिजे." कारखान्यातल्या एका दोस्ताकडून पंप आणला, एक बाटली आणली. पाण्यात ओतल्यावर ते औषध दुधासारखं पांढरं झालं आणि असा दर्प सुटला, की शेजारच्या भाभींनी कुंपणापलीकडून ओरडून विचारलं, "क्या मार रहे हो भाऊ? माझ्या कोंबड्या इकडंच हायेत!" भाभींच्या मिस्टरांचं मुंबई-पुणे रस्त्यावर गॅरेज होतं, आणि घरच्या कोंबड्यांवर भाभींचा जीव होता. त्यांनी सगळ्या कोंबड्या धावत जाऊन खुराड्यात कोंडल्या. नवरा तोंडाला फडकं बांधून लढाईवर निघाल्यासारखा वाफ्यात शिरला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी, भाभींच्या कुंपणाशी आला, तेव्हा पंप फुस्स झाला. शेवटचं झाड कोरडंच राहिलं. "एकाच्यानं काय होतंय?" म्हणून त्यानं पंप धुतला.

पुढच्या आठवड्यात मी शिकवत असे ती सकाळची शाळा आटोपून दुपारी परसात गेले. वाफ्यात कमालीची शांतता होती. कोळ्याचं जाळं नाही, माशी नाही, गुणगुण नाही. आणि शेंडे? ते तसेच माना टाकत होते. वर पानांच्या मागे मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, चढला होता. आधी कुठे कुठे दिसणारा मावा आता पानन् पान लडबडवून बसला होता. पानं चिकट झाली होती आणि खोडावरून काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. फवारणी केल्यावर कीड वाढली, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. नवऱ्याच्या मात्र लगेच शिरलं. तो म्हणाला, "औषध कमी पडलं. पुढच्या वेळी कडक करू."

आत्याबाई पायरीवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "ह्या खेपंला न्हाई आली वांगी, तर..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. मला ते अर्धं वाक्य फार लागलं. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, जरा थांबा. आधी तुमचं ते भिंग द्या."

"भिंग? वांग्याला?"

"आमटीला चालतं, मग वांग्याला का नाही?"

भिंग मिळालं. मी पालथ्या टोपलीवर बसले. मनात होतं, दहा मिनिटं बघू आणि उठू. उन्हं उतरली तरी मी तिथंच होते.

औषध न लागलेल्या त्या शेवटच्या झाडावरही मावा होता, पण थोडका. आणि त्या माव्यात एक प्राणी फिरत होता. काळपट, अंगावर केशरी ठिपके आणि काटे, सहा पाय, शेपटीकडे निमुळता. साध्या डोळ्यांना दिसला असता तर मी त्याला चपलेनं चिरडला असता, इतका तो दुष्ट दिसत होता. भिंगाखाली तो एका माव्यापाशी आला, त्याला तोंडात धरलं, किंचित उचललं आणि चिपाड करून टाकलं. मग दुसरा. मग तिसरा. कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. मी श्वास धरून बघत राहिले. हा तर आमच्या बाजूचा होता!

मग रोजचा नादच लागला. शाळेतून आले, की दोन घास पोटात ढकलायचे आणि टोपलीवर जाऊन बसायचं. एके दिवशी तो काटेरी प्राणी पानाला चिकटून निपचित पडलेला दिसला. मेला, असं वाटून मला चक्क वाईट वाटलं. नंतर एका दुपारी मी पाहत असतानाच त्याची पाठ उकलली. आतून एक पिवळट, ओलसर, गोल किडा बाहेर आला. अंगावर एकही ठिपका नाही. तो तसाच बसून राहिला. मीही बसून राहिले. हळूहळू तो पिवळा रंग तांबूस होऊ लागला, आणि त्यावर, कसं सांगू, पाण्यात बुडालेली वस्तू वर यावी तसे काळे ठिपके उमटू लागले. लहानपणी तळहातावर घेऊन जिला आम्ही उडवायचो, ती लाल, काळ्या ठिपक्यांची चित्रांगी! ती त्या काट्याकुट्याच्या राक्षसातून निघाली होती. मी मुलांना शाळेत विज्ञान शिकवत होते. फळ्यावर फुलपाखराची चार चित्रं काढून बाण दाखवत होते. ती चारही चित्रं त्या दुपारी मला पोरखेळ वाटली. अंगावर शहारा आला होता आणि तो लवकर गेला नाही.

आणि तेवढ्यावर भागत नव्हतं. माव्यातले काही किडे फुगून सोनेरी, टणक झालेले दिसायचे. एकदा त्यातल्या एकाच्या पाठीला गोल झाकण पडलं, डब्याचं पडावं तसं, आणि आतून सुईच्या टोकाएवढी गांधीलमाशी बाहेर आली. तिनं मिशा पुसल्या आणि उडून गेली. आमच्या तळहाताएवढ्या पानावर जन्म, मरण, शिकार, बाळंतपण सगळं चाललं होतं, आणि आम्ही त्यावर दुधासारखं औषध ओतून मोकळे झालो होतो. मारला होता तो आमचाच पहारा. मावा काय, तो कुठूनही परत येतो. पहारेकरी सावकाश येतात.

मी नवऱ्याला बोलावून सगळं दाखवलं. तो बराच वेळ वाकून होता. उठला तेव्हा एवढंच म्हणाला, "पंप परत देतो उद्या." मग एक सुकलेला शेंडा कापून त्यानं ब्लेडनं उभा चिरला. आत गुलाबी-पांढरी अळी आरामात बसलेली होती. औषध बाहेर पानावर, अळी आत घरात. तिला त्याचं काय? त्या दिवसापासून सुकलेला प्रत्येक शेंडा आम्ही कापायला लागलो. शेंड्याला हात लावायला आत्याबाईंची हरकत नव्हती, नेम वांग्याचा होता. कापलेले शेंडे चुलीत जायचे. माव्यावर आत्याबाई सकाळी पाण्याचा हबका मारायच्या. जसे चित्रांगीचे किडे त्या शेवटच्या झाडावरून पुढं सरकत आले, तसा मावा ओसरला. दिवाळीच्या सुमाराला झाडं जांभळ्या फुलांनी भरली आणि वांगी धरली. आत्याबाई झाडाजवळून जाताना पदर आवरून घ्यायच्या, चुकून स्पर्श नको म्हणून.

खरी अडचण आता सुरू झाली. वांग्यांवर भोकं दिसू लागली, भोकाच्या तोंडाशी विष्ठेचं बूच. शेंड्यात जागा नाही म्हटल्यावर अळ्या फळात शिरल्या होत्या. किडकी वांगी झाडावरच लोंबत होती आणि कुणी तोडायचं नाव काढत नव्हतं. नेम होता ना!

नवरा म्हणाला, "आई, कारखान्यात खराब माल आम्ही लाईनवर ठेवत नाही. लगेच बाजूला काढतो. नाहीतर तो चांगल्यात मिसळतो."

"त्ये लोखंड हाय. ह्यो द्येव हाय."

"पण शेतात काय करायचात मग?"

"शेतात वाफंच्या वाफं असायचं. निम्मी किडली तरी निम्मी उरायची. तवा कोन बघतंय?" परसात निम्मी किडली तर उरणार काय, हे त्यांनाही दिसत होतं. पण नेम मोडून पिकवलेलं वांगं देवापुढे कोणत्या तोंडानं ठेवायचं? मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हेही सुचत नव्हतं. रात्री नवऱ्याजवळ मी धुसफुसले, "तुमच्या देवाला किडकी वांगी आवडत असतील तर माझं काही म्हणणं नाही." तो म्हणाला, "देवाला सांगतो." असला माणूस.

मग एक वांगं आपणहून गळून पडलं. गळलेल्याला हात लावायला हरकत नव्हती. मी ते उचलायला वाकले आणि थांबले, कारण भोकातून अळी बाहेर येत होती. पोसलेली, गुलाबी, अंगठ्याच्या पेराएवढी. मी आत्याबाईंना हाक मारली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आयुष्यात भिंगातून काही पाहिलं नव्हतं. आधी त्यांना स्वतःचंच बोट दिसलं आणि त्या दचकल्या. मग अळी दिसली. ती वांग्यावरून उतरली, मातीवर आली आणि वाळक्या पाल्याखाली जाऊन तोंडानं धागा काढू लागली. इकडून तिकडं, तिकडून इकडं. स्वतःभोवती घर विणत होती.

"काय करतीया ही?"

"झोपतेय, आत्याबाई. यातून पाखरू निघणार. ते पुन्हा या वांग्यांवर अंडी घालणार."

त्या बघतच राहिल्या. मी ते वांगं सुरीनं चिरलं. आत सगळा काळा चिखल, विष्ठा, पोखरलेल्या वाटा. त्यांनी नाकाला पदर लावला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे शहाणपण पाजळलं नाही. मग त्या उठल्या, हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळावर भंडारा होता. सरळ वाफ्यात गेल्या आणि भोक पडलेलं पहिलं वांगं त्यांनी कटकन तोडलं.

माझ्या तोंडून निघालं, "आत्याबाई, नेम!"

त्या माझ्याकडे वळल्या. "उष्टं हाय ह्ये. अळीनं तोंड लावलं तवाच उष्टं झालं. उष्टं द्येवाचं कसं आसंल? ज्ये द्येवाचं न्हाई त्याला हात लावला म्हनून नेम मोडत न्हाई."

मी वाफ्याच्या कडेला उभी होते ती उभीच राहिले. चित्रांगीचे ठिपके उमटताना पाहिले होते, माव्याच्या पाठीचं झाकण उघडताना पाहिलं होतं. पण माणसाच्या मनात एक बंद दार असं आतून उघडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. नेम मोडला नव्हता, उलट जास्त कडक झाला होता. मी कितीही पुस्तकं वाचली असती तरी मला हे सुचलं नसतं, आणि भिंगात ती अळी पाहिली नसती तर त्यांनाही सुचलं नसतं.

त्यानंतर आमच्या परसात जी तपासणी सुरू झाली, ती पाहून नवरा हात टेकायचा. आत्याबाई रोज सकाळी अंघोळ करून वाफ्यात जायच्या आणि झाडावरच्या प्रत्येक वांग्यापुढे बसायच्या. स्पर्श न करता, मान वाकडी करून, देठापासून बुडापर्यंत. "ह्ये द्येवाचं. ह्ये द्येवाचं. ह्ये उष्टं." उष्टं लगेच तोडायचं. तोडलेली वांगी चिरून भाभींच्या कोंबड्यांपुढे टाकायची. कोंबड्या अळ्या अशा टिपायच्या, की भाभी हसून म्हणायच्या, "अम्मा, आमच्या मुर्ग्यांचं पन व्रत सुटलं!" झाडाखालचा वाळका पाला आम्ही रोज झाडून जाळला. फवारणीचं औषध मधल्या पावसात कधीच धुऊन गेलं होतं, तेव्हा भाभींनी भीत भीत एक-दोन कोंबड्या वाफ्यातही सोडल्या. कोंबड्यांनी माती उकरून कोष वेचले आणि एक रोपटंही उकरून ठेवलं. त्यावरून आत्याबाईंनी त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

कीड संपली का? नाही. रोज एखाददुसरं वांगं उष्टं निघायचंच. पण हळूहळू उष्टी कमी झाली. कोळ्यांनी पुन्हा जाळी विणली. पहाटे त्यावर दव पडलं, की वाफा बघण्यासारखा दिसायचा. तरीही रोपं मुळात थोडकी आणि आधीचं नुकसान भारी. चंपाषष्ठी आली तेव्हा झाडांवर 'देवाची' म्हणून राखलेली मोजकी, हाताच्या बोटांवर मावतील एवढीच वांगी होती. त्यातही एक वाईट गोष्ट नवऱ्याच्या लक्षात आली होती आणि त्यानं ती फक्त मला सांगितली. अळी बारीक असताना फळात शिरली तर तिचं भोक बुजून जातं. वरून वांगं अगदी बिनडाग दिसतं. "वरून तपासून कळणारच नाही," तो म्हणाला. "चिरल्याशिवाय नाही."

चंपाषष्ठीच्या सकाळी आत्याबाईंनी वांगी तोडली. गुळगुळीत, जांभळी, दव लागलेली. चूल पेटवली आणि भाजण्याआधी नेहमीच्या रीतीनं चिरून बघायला सुरी घेतली. भाभीही दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

पहिलं चिरलं. आत अळी.

आत्याबाईंनी ते बाजूला ठेवलं. "उष्टं," त्या हळूच म्हणाल्या. दुसरं चिरलं, आत अळी. तिसरं चिरलं, आत काळी वाट. नवरा भिंतीकडे बघत होता. माझे डोळे भरून आले होते. त्यांना म्हणावंसं वाटत होतं, की पुरे, एवढं चालेल, देव काय बघतोय! त्यांच्याकडे बघून माझी हिंमत झाली नाही. त्यांनी एकही किडकं वांगं 'चालेल' म्हणून ठेवलं नाही. एवढुसा डाग असलेलंही नाही.

शेवटी एक राहिलं. सगळ्यात लहान. शेवटच्या झाडावरचं. त्यांनी सुरी टेकवली, क्षणभर थांबल्या आणि चिरलं.

आत पांढराशुभ्र गर होता, कोवळ्या बिया होत्या, आणि काही नव्हतं.

त्या दोन फोडी हातात धरून आत्याबाई किती वेळ बसल्या असतील, सांगता येत नाही. मग त्यांनी त्या जुळवून निखाऱ्यावर ठेवल्या. भरीत झालं ते लिंबाएवढं. भाकरीच्या मधोमध ठेवलं तर भाकरीच जास्त दिसत होती. तळी उचलली, भंडारा उधळला, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, नैवेद्य दाखवून झाला. मग त्यांनी ताट पुढं ओढलं आणि वाटायला सुरुवात केली. मुलाला बोटाच्या टोकावर, मला बोटाच्या टोकावर, दाराशी उभ्या भाभींना बोटाच्या टोकावर. माझ्या जिभेला चव लागते न लागते तोच ते संपलंही.

शेवटी ताटाला चिकटलेलं त्यांनी स्वतः बोटानं पुसून घेतलं. डोळे मिटून चाखलं. शेत गेल्यापासून चंपाषष्ठीच्या दिवशी त्या घरात धड बोलत नसत. त्या दिवशी मात्र डोळे उघडले आणि नवऱ्याकडे, माझ्याकडे, भाभींकडे बघून म्हणाल्या, "द्येवाचं प्वाट भरलं बगा."